पाहुण्यांची रोपं

वैष्णवी : नाही, बसत नाही बाई. बसले की तुम्ही चहा ठेवाल, आणि चहा प्यायला की मग मला बोलता यायचं नाही.

सौदामिनीबाई : बरं, उभ्यानं बोल. पण दारातून आत तरी ये. किकवीहून, मावशीकडून एसटीनं आलीस? आपला गोष्टींचा वर्ग तर चारला असतो. आत्ता बारा वाजतायत.

वैष्णवी : वर्गाला नाही आले. उद्याचं थांबवा, एवढं सांगायला आले.

सौदामिनीबाई : उद्याचं म्हणजे? बक्षीस समारंभ?

वैष्णवी : समारंभ होऊ दे. भार्गवीची गोष्ट वाचायची नाही. माझे आबा पहिल्या रांगेत बसलेले असताना तर नाहीच.

सौदामिनीबाई : अगं, पहिलं बक्षीस तिलाच आहे. पहिली आलेली गोष्ट ज्यानं लिहिली त्यानं स्टेजवर वाचायची, अशी साहित्य मंडळाची रीत आहे. आणि तुझ्या आबांना मीच बोलावून घेतलंय. ज्यांच्या खाचरात मुलं भात लावायला शिकली, त्यांचा सत्कार नको का व्हायला?

वैष्णवी : सत्कार. आधी दोनशे माणसांसमोर वाचायचं की हा माणूस दारू पिऊन घरी येतो, बायकोच्या अंगावर ताट फेकतो. मग त्याच माणसाच्या अंगावर शाल घालायची.

सौदामिनीबाई : गोष्टीत तुझ्या वडिलांचं, गोरख असं नाव कुठंही नाही.

वैष्णवी : नाव नाही. गाव गुंजवणे. घर राजगडाच्या वाटेवरचं. गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणारं. मुलगी अकरावीला, भोरच्या कॉलेजात, मावशीकडं राहून शिकणारी. राहिलं काय मग, आधार कार्डाचा नंबर? आणि मुलीचं नाव वैजू. बाई, वैजू मला फक्त माझी आई म्हणते. भात लावायच्या सहलीच्या दिवशी आईनं चुलीपासून हाक मारली, ती हिनं ऐकली आणि उचलली.

सौदामिनीबाई : हे बघ, गोष्टीतला माणूस आणि खरा माणूस वेगळे असतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. लेखक एकाचं नाक घेतो, दुसऱ्याचा आवाज घेतो...

वैष्णवी : वहीत लिहून घेतलंय मी ते. पण आमच्या गावात तुमचा वर्ग कुणी केलेला नाही. तिथं आमचं घर म्हणजे आमचंच घर.

सौदामिनीबाई : तू आधी वाचली नव्हतीस? भार्गवी म्हणाली होती, वैष्णवीला दाखवीन.

वैष्णवी : काल बघितली. कॉलेजात कार्यक्रमपत्रिका वाटल्या, त्यात शेवटी छापली आहे. बाकावरच्या चौघीजणींनी पत्रिका एकदम मिटल्या. मग शेफालीनं माझा हात धरला आणि विचारलं, तुझे वडील तुला पण मारतात का? लई मायेनं विचारलं बाई. त्या मायेचाच राग आला मला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सौदामिनीबाई : तू काय सांगितलंस?

वैष्णवी : उठून बाहेर आले. काय सांगणार? छापलेलं होतं. माझ्या तोंडच्या बोलण्यापेक्षा छापलेलं खरं वाटतं. आबा दारू पीत नाहीत हो. तंबाखू खातात, ती पण आईपासून लपवून, गोठ्यात ठेवतात. ते लिहायचं होतं. लोक हसले असते, आबा पण हसले असते.

सौदामिनीबाई : मला ठाऊक आहे ते पीत नाहीत. त्यांच्या घरी जेवलेय मी.

वैष्णवी : मग?

सौदामिनीबाई : थांब, भार्गवी येतेच आहे. उद्याच्या वाचनाची तालीम घ्यायला मी तिला बाराला बोलावलंय. ती आली की शांतपणे बोलू.

वैष्णवी : शांतपणे तुम्ही बोला.

भार्गवी : येऊ का बाई? सॉरी, थोडा उशीर झाला, भोर चौपाटीवर ट्रॅफिक होतं. अरे, वैष्णवी! तू पण तालमीला? बाई, शेवटचा पॅरा मी पाठच केलाय. कागद न बघता म्हणणार.

वैष्णवी : म्हण.

भार्गवी : आत्ता?

वैष्णवी : पाठ आहे ना? म्हण की.

भार्गवी : बरं. 'दसऱ्याला मी पुन्हा तिथे गेले. माझ्या हातांनी लावलेली रोपं आता माझ्या कमरेला लागत होती. मी त्यांच्यावरून हात फिरवला. वैजू लांब बांधावर उभी होती, अनवाणी. मी दिलेली चप्पल तिनं घालायची नाही म्हणून जपून ठेवली होती. मला वाटलं, शहर आणि खेडं यांच्यामध्ये एवढंच तर अंतर आहे, एका चपलेचं.' असं काय बघतेस?

वैष्णवी : चप्पल मी जपून ठेवली?

भार्गवी : ते इमॅजिनेशन आहे गं.

वैष्णवी : खाचरात चप्पल घालून कोण उतरतं? तू उतरलीस. आबा नको नको म्हणत होते. चिखलात रुतली आणि तू रडायला लागलीस, आई ओरडेल म्हणून. कोपरापर्यंत हात घालून ती कुणी काढली? धुऊन चुलीपाशी वाळत कुणी ठेवली?

भार्गवी : तू. मला आठवतंय. अ‍ॅक्च्युअली, म्हणूनच मला काहीतरी द्यावंसं वाटलं तुला. गोष्टीत तरी.

वैष्णवी : द्यायचं म्हणून माझे पाय उघडे केलेस? माझ्याकडं तीन जोड आहेत. एक तर तुझ्यापेक्षा भारी आहे, मामानं आणलेला.

भार्गवी : एवढी का चिडतेस? गोष्टीत वैजू किती चांगली दाखवलीय. सगळे म्हणाले, वैजूच खरी हिरॉईन आहे.

वैष्णवी : आणि कमरेला लागणारी ती रोपं तुझी नव्हती.

भार्गवी : होती. आम्ही दसऱ्याला गडावर आलो होतो ना, तेव्हा काकांनीच दाखवली. बांधालगतची ही ओळ तुमचीच बघा, भार्गवीताई, असं म्हणाले. फोटो आहे माझ्याकडे. दाखवू?

वैष्णवी : आबा खोटं बोलले.

भार्गवी : का बोलतील?

वैष्णवी : तू पाहुणी म्हणून. तुझं एक पण रोप राहिलं नव्हतं त्या खाचरात. तुझं काय, चाळीस जणांपैकी कुणाचंच नाही.

सौदामिनीबाई : म्हणजे काय वैष्णवी?

वैष्णवी : बाई, एका जागी दोन रोपं लावायची, फार तर तीन. बोटाची दोन पेरं बुडतील एवढीच खोल. आबांनी चार वेळा करून दाखवलं, आठवतं? हे म्हणजे लेकराला झोपवून हळूच हात काढून घ्यायचा तसं, असं म्हणाले होते. यांनी काय केलं? मुठीच्या मुठी खुपसल्या, मनगटापर्यंत. काहींनी मुळं वर आणि शेंडे खाली. एकानं तर रोपांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि तुम्ही त्याचा फोटो काढलात.

सौदामिनीबाई : काढला होता.

वैष्णवी : बस सुटली. तुम्ही सगळे मागच्या काचेतून हात करत होता. आबा पण बांधावर उभं राहून हात करत होते, बस वळणाआड जाईपर्यंत. मग टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाले, चल पोरी, उपटायला लागू. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि सोमवारी पूर्ण दिवस. आबा, आई, मी, आणि शेजारची अंबूबाई. एकेक मूठ काढायची, मुळं मोडली नसतील तर सरळ करायची, परत लावायची. निम्मी मोडलीच होती. अंबूबाईच्या वाफ्यात जास्तीची रोपं होती, ती मागून आणली. तिच्या घरचं लावायचं थांबवून ती आमच्यात आली.

सौदामिनीबाई : त्या सोमवारी तू कॉलेजला गेली नव्हतीस.

वैष्णवी : तुम्ही शनिवारी वर्गात विचारलंत. मी म्हणाले, ताप होता. तुम्ही म्हणालात, चिखलात खेळल्यावर ताप येणारच. सगळे हसले. ही पण हसली.

भार्गवी : मला काय माहीत होतं? कुणी सांगितलंच नाही. तेव्हाच सांगायचं ना, चुकलं म्हणून.

वैष्णवी : पाहुण्यानं लावलेलं त्याच्यासमोर उपटत नाहीत आमच्याकडं. दरवर्षी कुणाकुणाची सहल येते आणि दरवर्षी आम्ही मागून तेच करतो. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरं सांगते. लहानपणापासून बघत आले. पाहुणे गेले की रोपं काढायची, जशी ताटं उचलायची तसं. पण काल तुझा तो शेवटचा पॅरा वाचला. माझ्या हातांनी लावलेली रोपं म्हणे. माझ्या आईचे हात सोमवारी रात्री भाकरी थापायला वळत नव्हते, आणि तू त्या भातावरून हात फिरवतेस.

भार्गवी : सॉरी.

वैष्णवी : माझा बाप तुला ताई म्हणतो. माझ्या वयाची तू. मला चल पोरी म्हणून चिखलात उतरवतो आणि तुला भार्गवीताई. हे तुझ्या कधी कानावर तरी पडलं का?

भार्गवी : सगळेच म्हणतात असं. मी नाही सांगितलं म्हणायला.

वैष्णवी : नको म्हणून पण नाही सांगितलंस.

सौदामिनीबाई : वैष्णवी, तिला एकटीला धरू नकोस. या गोष्टीत माझाही हात आहे.

भार्गवी : बाई, मी सांगणारच होते तिला. माझ्या पहिल्या कॉपीत काका दारू प्यायचेच नाहीत. ते जसे आहेत तसेच होते, हसवत होते, शिकवत होते. तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंत, 'वडील सपाट वाटतात. यांच्यात काही उणीव दाखव. त्याशिवाय गोष्टीत टोक येत नाही.' वही आहे माझ्या सॅकमध्ये.

सौदामिनीबाई : वही नको काढूस. लिहिलंय मी ते. अक्षर माझंच आहे.

वैष्णवी : तुम्ही लिहिलंत?

सौदामिनीबाई : हो.

वैष्णवी : आबांनी एका शब्दावर खाचर दिलं तुम्हाला. आई म्हणत होती, पावसाचे दिवस आहेत, लावणी उरकू दे, मग मुलं आणा. तर आबा म्हणाले, बाईंनी आपल्या पोरीला फुकट शिकवलंय, बाईंना नाही म्हणायचं नाही. आणि तुम्हाला ते सपाट वाटले.

सौदामिनीबाई : मी गोष्ट तपासत होते बाळ. त्या वेळी मला गोरखराव दिसतच नव्हते. कागदावरचा एक बाप दिसत होता.

वैष्णवी : गोष्टीला उणीव लागते ना? मग त्या शहरातल्या मुलीच्या वडिलांना द्यायची. त्यांना गोष्टीत चांगली पांढरी गाडी दिली आहे, गोड आवाज दिला आहे. ते वैजूची फी भरतो म्हणतात. तिथं उणीव का नाही सुचली तुम्हाला?

सौदामिनीबाई : नाही सुचली.

वैष्णवी : मला तुमच्याकडून काहीतरी लांब उत्तर येईल असं वाटलं होतं.

सौदामिनीबाई : लांब उत्तर देता येईल. चाळीस वर्षं तेच केलंय. पण खरं एवढंच आहे, की मला ते सुचलं नाही.

वैष्णवी : आणि हिला पण बघा. दारुडा बाप लिहायचा तर नीट तरी लिहायचा. हे बघा, पत्रिकेत, इथं. 'ग्लासातला बर्फ वाजला की वैजू पुस्तक मिटायची आणि आईच्या खोलीत जाऊन कडी लावायची.' बाई, या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली असणार.

भार्गवी : मारलीय. छान म्हणून.

वैष्णवी : आहेच छान. अख्ख्या गोष्टीत तेवढंच एक चांगलं आहे. पण आमच्या घरात आईची खोली कुठली? एक पडवी, एक सोपा, एक चूलघर. कडी बाहेरच्या दाराला. आणि बर्फ? पिणारी माणसं आमच्या गावात नाहीत असं नाही. पण ती नदीच्या बाजूला उभ्यानं पितात आणि झाडाखाली पडतात. घरात खुर्चीवर बसून, काचेच्या ग्लासात बर्फ घालून कोण पितं? आणि ताट फेकल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोला सोन्याचे कानातले आणतो म्हणे. आमच्यातला कुठला दारुडा सोन्याचे कानातले आणतो गं? कुठं बघितलंस तू हे?

सौदामिनीबाई : भार्गवी?

वैष्णवी : बोल की. कुठं बघितलंस?

सौदामिनीबाई : वैष्णवी, जरा थांब.

वैष्णवी : का थांबू? माझ्या बापाला विचारायला कुणी थांबलं होतं का?

भार्गवी : घरी.

वैष्णवी : काय?

भार्गवी : घरी बघितलं. आमच्या घरी. बाबा.

सौदामिनीबाई : आनंदराव? अगं, वकीलसाहेब तर...

भार्गवी : रोज नाही. बाहेर कुणाला कळत नाही, कारण ते बाहेर पीतच नाहीत. जेवणाच्या आधी खुर्चीत बसून. आवाज पण चढवत नाहीत. ताट एकदाच फेकलं होतं, मी आठवीत होते. कानातले आईनं अजून घातलेले नाहीत. तुम्ही उणीव लिही म्हणालात, बाई. मी विचारलं, कुठली लिहू, तर तुम्ही म्हणालात, जी तुला माहिती आहे ती. मला तेवढीच माहिती होती.

वैष्णवी : आणि ती माझ्या घरात नेऊन टाकलीस.

भार्गवी : आमच्या घरात कशी लिहिणार? बाबा मंडळाचे उपाध्यक्ष आहेत. उद्या स्टेजवर आहेत. काकांना शाल तेच देणार आहेत.

वैष्णवी : त्यांनी वाचली ही गोष्ट?

भार्गवी : वाचली. छान जमलीय म्हणाले. खेड्यातल्या व्यसनाचा प्रश्न चांगला मांडलायस, असं म्हणाले.

वैष्णवी : त्यांना बर्फ ओळखू आला नाही?

भार्गवी : नाही आला. मी दोन दिवस वाट बघत होते. त्यांना ओळखू येईल, मला ओरडतील, असं वाटत होतं. आईनं वाचली आणि ती आत निघून गेली.

सौदामिनीबाई : ये बाळ, इथं बस माझ्याजवळ.

वैष्णवी : तिला बसवा. मी उभीच आहे. बाई, मला वाईट वाटतंय हिच्यासाठी, आणि ते वाटतंय याचा पण राग येतोय. तिच्या घरात लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. आमच्या घरात ठेवलं आणि सगळ्यांना लगेच पटलं. परीक्षकांना पटलं, कॉलेजला पटलं, शेफालीला पटलं. आमच्या पडवीत बसून दोनदा आमटी मागून घेणाऱ्या तुम्हाला पण पटलं. कुणी एकानं पण विचारलं नाही, की गोरखच्या घरात बर्फ कुठून आला.

सौदामिनीबाई : मीच विचारायला हवं होतं. मी मंडळात फोन करते. चूक माझी आहे असं सांगते. पण गोष्ट भार्गवीची आहे, वाचायची की नाही हे तिनं ठरवायला हवं.

भार्गवी : नाही वाचली तर बाबा विचारतील, का. सगळ्यांसमोर विचारतील. मी काय सांगू?

वैष्णवी : ते मला माहीत नाही.

(वैष्णवीचा मोबाईल वाजतो. ती बघते, कट करते. पुन्हा वाजतो. ती स्पीकर सुरू करून तो टेबलावर ठेवते.)

गोरख : हॅलो. पोरी, कुठं हाईस?

वैष्णवी : बाईंच्या घरी हाय आबा.

गोरख : मंग बेस झालं. बाईंना इचार, उद्या टोपी घालून आलं तर चालतंय का. तुजी आई म्हणती, टोपी नगं. शाल घालताना मागं पडंल म्हणती, आन समदी हसतील. म्या म्हनलं, बिनटोपीचं मला लोक वळखायचं न्हाईत.

सौदामिनीबाई : टोपी घालूनच या गोरखराव.

गोरख : बाई हायती व्हय? नमस्कार बाई. नवा इंद्रायणी तांदूळ आणतोय उद्या, धा किलो. काल भरडून आणला. न्हाई म्हणायचं न्हाई.

वैष्णवी : आबा, उद्या येऊ नका.

गोरख : का गं? तुज्या आईनं साडी काढून ठिवलीया.

वैष्णवी : त्या गोष्टीत तुमच्यावर काय काय लिवलंय, तुमाला ठावं न्हाई.

गोरख : दारूचं व्हय? ऐकलीया म्या.

वैष्णवी : कवा?

गोरख : कालच. इंझरच्या गिरणीवर. गिरणीवाल्या इंद्रजितच्या मोबाईलात आल्ती ती. त्यानं समद्यांला मोठ्यानं वाचून दावली. मंग माणसं लागली इचाराया, गोरख, पोत्यात भात हाय का बाटल्या.

वैष्णवी : आन तुमी काय म्हणला?

गोरख : काय म्हणतो? हसलो म्या बी. भात भरडला आन आलो. तुज्या आईला मातुर बोललो न्हाई.

वैष्णवी : आई उद्या तिथं बसून ऐकणार? साडी नेसून?

गोरख : गोष्ट हाय म्हणून सांगू की तिला. लेकरू हाय, लिवलं आसंल. पाहुणी हाय आपली.

वैष्णवी : पाहुणी पाहुणी. रोपं उपटून परत लावता येत्यात आबा. गिरणीवरची माणसं हसली, ते कसं उपटणार तुमी? रोज त्याच गिरणीवर जायचंय तुमाला. मला त्याच एसटीत बसायचंय.

गोरख : मंग काय भांडाया जाऊ त्या लेकराशी?

वैष्णवी : भांडू नका. पण हसू बी नका.

गोरख : हसलो न्हाई गं मनातनं. रातीला डोळा लागला न्हाई. याच इचारात व्हतो, हे दारूचं तिच्या डोक्यात आलं कुठनं? आपल्यात तर तिनं ताकच पिलं.

सौदामिनीबाई : गोरखराव...

वैष्णवी : कुठंतरी बघितलं आसंल, आबा.

गोरख : आसंल. मोबाईलात काय बी दावत्यात आजकाल.

भार्गवी : मी बोलू त्यांच्याशी? वैष्णवी, बोलू?

वैष्णवी : बोल. आबा, भार्गवी हाय हितं.

गोरख : भार्गवीताई व्हय? बोला की. बऱ्या हायसा नव्हं?

भार्गवी : बरी आहे काका. एक विचारायचं होतं. जुलैत मी लावलेली रोपं, तुम्ही दसऱ्याला दाखवलीत ती. ती माझीच होती का?

गोरख : व्हय की. तुमचीच व्हती, बांधालगतची. लई बेस आल्ती.

वैष्णवी : आबा, तिला पाहुणी समजून सांगू नका. मला सांगता तसं सांगा.

गोरख : आता हे कशापायी इचारता, ताई?

भार्गवी : मला खरं हवंय, काका.

गोरख : खोल गेल्ती ती लई. मुठीच्या मुठी. ऱ्हायली असती तर कुजली असती. काढावी लागली.

भार्गवी : सगळी?

गोरख : समदी. पर तुमचा दोष न्हाई त्यात, ताई. पयल्यांदा कुणाचं बी तसंच व्हतंय.

भार्गवी : तेव्हा सांगितलं असतं तर मी थांबले असते. परत लावली असती.

गोरख : तुमी गाडीच्या काचंतनं हात करत व्हता. दोन्ही हात. लई खूश व्हता. तवा कसं सांगायचं?

भार्गवी : मग आत्ता सांगा. उद्या ती गोष्ट वाचू का?

गोरख : वाचा की ताई. तुमाला बक्षीस मिळालंय. तुमचं वडील असतील, आई असंल, समद्यांला आनंद हुईल.

भार्गवी : त्यांचं नका सांगू, काका. तुमचं सांगा. तुम्ही तिथं बसलेले असाल. वाचू?

सौदामिनीबाई : फोन लागलेला आहे ना?

वैष्णवी : आहे. ते तिथंच आहेत. थांबा जरा.

भार्गवी : काका?

गोरख : नगं वाचू, पोरी.